शंभर पंचांची पेटी पूर्ण झाली, त्या निमित्ताने

मी, ब्ल्युएत जाको, वडिलांचं नाव न्यूमा जाको, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा घड्याळजी, अविवाहित, राहणार ला कोंब-न्वार, वरची आळी, घर नंबर अकरा, असं नमूद करते की माझं घर, माझी शिल्लक, माझी हत्यारं आणि मनात साठवून ठेवलेल्या काही गोष्टी यांची माझ्या पश्चात काय व्यवस्था लागावी, हे मी आज स्वतःच्या तोंडाने सांगत आहे आणि नोटरी सिमोन रोसले माझ्यासमोर बसून उतरवून घेत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणील असं घरात कोणी उरलेलंही नाही.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली, आणि त्यांचं मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही सांगितलं. मात्र गेल्या बुधवारपासून मी आनंदाने येडी झाले आहे. जेवण जात नाही, एका जागी बसवत नाही, काल मी कॉफीत मीठ घातलं आणि तशीच प्यायले. सिमोन म्हणते, "जाकोबाई, हे वाक्य नको. उद्या कोणी कोर्टात गेलं तर हेच पुढे करील." मी तिला सांगितलं, "लिही. डोकं ठिकाणावर आहे आणि जीव थाऱ्यावर नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू काय होतीस ते मी पाहिलंय." तिने लिहिलं.

याआधी मी तीन मृत्युपत्रं केली होती. तिन्ही मी या लेखाने रद्द करते. त्या तिन्हींत ऑरेल कालाम या माणसाबद्दल एक वाक्य होतं, दर वेळी तेच, शब्द न बदलता. ते वाक्य खोटं होतं. ते का खोटं, हे कलम चारमध्ये येईल. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिथे जावं, मलाही तिथेच जायचंय, पण सिमोन म्हणते की घर आधी यायला हवं.

कलम एक. घर.

घर नंबर अकरा, तळघर, माळा, मागचं गवताचं कुरण आणि त्यातली दोन सफरचंदाची झाडं यांसह, माझा भाचा दिदिए याला मिळावं. दिदिए लोझानला राहतो आणि त्याला घड्याळातलं काही म्हणता काही कळत नाही. त्याला वर कामाच्या खोलीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या करायच्या आहेत. "आत्या, इथे मोठा टब मस्त बसेल," असं तो मला माझ्याच बाकावर बसून म्हणाला होता. मागच्या मृत्युपत्रात मी त्याला या एका वाक्यासाठी घरातून वगळलं होतं. आता घेतलं आहे. का घेतलं तेही कलम चारमध्ये. टब बसव बाबा. पण दक्षिणेकडच्या सात खिडक्या आणि त्यांच्याखालचा लांब बाक तसाच राहील, ही अट आहे. माझ्या पणजोबांपासून या बाकावर चार पिढ्यांची कोपरं झिजली आहेत. पाहुण्यांनी त्यावर सकाळची कॉफी प्यावी, माझी हरकत नाही.

कलम दोन. शिल्लक.

फार नाही. त्यातून माझा दफनविधी व्हावा आणि नंतर सगळ्यांना पोटभर जेवण मिळावं. राखेत भाजलेलं सॉसेज, लीकची भाजी, बटाटे, आणि शेवटी एकेक पेला हिरवी, म्हणजे बंदीच्या काळातली ॲबसिंथ दारू, तीच जी आम्ही कोणीच कधी घरात ठेवत नव्हतो आणि सगळ्यांच्या घरात असायची. उरेल ते दिदिएचं. मात्र गायकवृंदाला एकही फ्रँक जाणार नाही. त्याचं कारण वृंदाला माहीत आहे. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या ईस्टरला त्यांनी माझा आवाज "कापणारा" आहे म्हणून मला दुसऱ्या रांगेत पाठवलं. पहिल्या रांगेत कोण होतं, हे मी इथे लिहीत नाही, कारण ती बाई अजून जिवंत आहे आणि अजून बेसूर आहे.

कलम तीन. हत्यारं, पेटी सोडून.

लेथ, चिमटे, भिंगं, तेलाच्या कुप्या आणि माणकं दाबून बसवायचं हातप्रेस हे सगळं खोऱ्यातल्या घड्याळशाळेला द्यावं. प्रेसबद्दल एक सूचना. त्याचा दांडा खाली नेताना शेवटच्या पाव फेऱ्यात तो थोडा अडतो. तो बिघाड नाही. तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग दाबायचं. माणिक आपल्या भोकात कुरकुर न करता गेलं तर ते बोटाला कळतं. न कळणाऱ्याने हे काम करू नये, बँकेत नोकरी धरावी.

कलम चार. स्टेकिंगची पेटी.

इथे सिमोनने एक पेला पाणी पिऊन घेतलं.

ही पेटी अक्रोडाची आहे. झाकण उघडलं की मधोमध पोलादी चौकट, बगळ्यासारखी वाकलेली तिची मान, मानेखाली भोकाभोकांची फिरती तबकडी, आणि भोवती आपापल्या भोकांत उभे शंभर पंच, म्हणजे ठोकायच्या बोटभर पोलादी सळ्या, आणि वीस छोट्या ऐरणी. काम सांगायला सोपं आहे. ऐरण खाली, पंच वर, मध्ये बॅलन्सचं चाक आणि केसाएवढा आस, आणि पंचाच्या डोक्यावर पितळी हातोडीची टिचकी. जास्त जोर लागला की चाक वाकडं होतं. कमी लागला की आस सैल राहतो, आणि गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येऊन तोंड वेंगाडतं. माझ्या वडिलांनी ही पेटी तरुणपणी घेतली आणि त्यातला अडतीस नंबरचा पंच त्यांनी स्वतः घासून बदलला. नाकाशी पोकळ, आत किंचित घुमटी. बायकांच्या सर्वांत नाजूक घड्याळांसाठी तो एकच चालायचा. असा पंच बाजारात मिळत नाही.

वडिलांचे दोन नियम होते. पहिला, पंच वरून बोलतो. म्हणजे पंच खाली भोकात उलटा घालून ऐरणीसारखा वापरायचा नाही, त्याने तळाचं भोक झिजतं. दुसरा, संध्याकाळी सहाला जो शेवटी बाकावर असेल त्याने पंच मोजायचे, आकडा मोठ्याने सांगायचा आणि झाकण लावायचं. आमच्या घरी प्रार्थना चुकली तर चालायची, मोजणी चुकत नसे.

ऑरेल कालाम माझ्या वडिलांकडे नऊ वर्षं कामाला होता. सिमोनने इथे पेन थांबवून विचारलं, "जाकोबाई, तुमच्या दोघांत काही होतं का? मृत्युपत्रात नसलं तरी चालेल."

"होतं," मी म्हटलं. "लिहून टाक. ईस्टरनंतर लग्न होतं. आमच्या दोघांच्या नावांची नोटीस गावकचेरीच्या फळीवर लागली होती. सगळ्या गावाने वाचली होती."

एकोणीसशे एकसष्टच्या फेब्रुवारीत, शनिवारी, जेवणाआधी माझ्याकडे एक पातळ चाक आलं. एकाही ऐरणीवर ते नीट बसेना. वडील गोठ्यात गेले होते. मी अडतीस नंबर काढला, उलटा करून तळाच्या भोकात सोडला आणि त्याच्या पोकळ नाकावर चाक बसवलं. काय बसलं म्हणून सांगू. मी खूश झाले. तेवढ्यात खालून ऑरेलने हाक मारली, "ब्ल्युएत, सूप निवतंय गं." मी चाक उचललं. पंच आखूड, तो तळाच्या ग्रीसमध्ये आणखी खाली रुतला. वडिलांना कळू नये म्हणून मी तबकडी फिरवून भोक झाकलं, परत आल्यावर काढू म्हणून, आणि जेवायला गेले. जेवताना आमचं लग्नाच्या टेबलक्लॉथवरून बोलणं झालं, दुपारी मी त्याची किनार शिवायला बसले, आणि पंच माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

सहाला ऑरेल शेवटी बाकावर होता. त्याने मोजले. मोठ्याने म्हणाला, "नव्याण्णव." परत मोजले. "नव्याण्णव."

आम्ही फरशी झाडली. केर चाळला. गुडघ्यावर बसून लोहचुंबक फिरवलं, बाकाला अडकवलेली ॲप्रनं झटकली, जोड्यांच्या तळव्यांत टोचून पाहिलं. चौकट कोणीच उचलली नाही, कारण पंच वरून बोलतो. घड्याळजी खाली बघत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वडिलांनी मला विचारलं, "तुझ्याकडे?" मी म्हटलं, "नाही." देवाशपथ, मला खरंच आठवत नव्हतं. मग त्यांनी ऑरेलकडे नुसतं पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बोलले मीच. मी म्हटलं, "परवा तूच विचारत होतास ना, अडतीसचं नाक आतून कसं घासलंय ते?"

एवढंच. एक वाक्य. ज्याने स्वतः मोजून नव्याण्णव सांगितले त्यालाच मी चोर ठरवलं. चोर असता तर त्याने शंभर म्हणून झाकण लावलं नसतं का? हे मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही सुचलं नाही, कारण मला सुचायला नको होतं. ऑरेलने ॲप्रन काढलं, घडी केली, खुंटीवर ठेवलं आणि तो गेला. सोमवारी गावकचेरीच्या फळीवरची नोटीस मी स्वतः जाऊन काढली. वडील म्हणाले, अपुरी पेटी बाकावर राहणार नाही. त्यांनी चौकट आणि पेटी फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून माळ्यावरच्या कपाटात ठेवली आणि आम्ही दुसरी आणली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. ते कपाट मी पुन्हा उघडलं नाही.

ऑरेल दूर गेला असता तर सोपं झालं असतं. त्याने समोरचंच घर घेतलं, नंबर चौदा, आणि खिडकीत बाक लावला. माझा बाक आणि त्याचा बाक, मध्ये रस्ता. सकाळी त्याचा दिवा लागला की मी माझा लावायची, आपण मागे नको म्हणून. गावाने त्याला नाव पाडलं, अडतीस. शाळेतली पोरं ओरडायची, "अडतीस आला, खिसे सांभाळा." एकदा टपालसुद्धा त्या नावाने आलं, आणि ते बरोबर पोचलं. हे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. पण कोणी घेतलं तर त्याला थांबवलंही नाही, आणि ते घेण्याहून वाईट आहे.

आता गेला बुधवार. दिदिए आला होता, घरातल्या वस्तूंची यादी करायला. माळ्यावरून ते गाठोडं घेऊन खाली आला. "आत्या, हे काय आहे? हे विकलं तर जपानातले जुन्या हत्यारांचे शौकीन वेडे होतील." मी म्हटलं, "ठेव ते." तो ठेवील तर दिदिए कसला. त्याने कापड सोडलं आणि चौकट उचलून सरळ उलटी केली, खाली कारखान्याचं नाव आहे का बघायला. आमच्या धंद्यातला माणूस शंभर वर्षांत असं करणार नाही. सत्तेचाळीस वर्षांत ग्रीस वाळून गेलं होतं. आत काहीतरी खुळखुळलं.

"आत्या, यात काहीतरी सुटलंय."

त्याने हलवलं, तबकडी फिरली, आणि अडतीस नंबर बाकावर पडून घरंगळत माझ्या बशीला येऊन थांबला. नाकाची पोकळी माझ्याकडे. मला तत्क्षणी सगळं आठवलं. चाक, सूप, टेबलक्लॉथ. मी दिदिएला सांगितलं, "बाळा, घर तुझं." तो म्हणाला, "काय?" मी तोवर जिन्यात होते.

घरातल्या सपातांवर मी रस्ता ओलांडला. बर्फ अजून कडेला होता. चौदा नंबरचं दार मी सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उघडलं. ऑरेल खिडकीशी बसला होता, डोळ्याला भिंग.

"दार लाव," तो म्हणाला, "धूळ येते." मग त्याने मान वर केली आणि भिंग त्याच्या डोळ्यातून खाली पडलं.

मी तळहात पुढे केला. "अडतीस सापडला. तळाच्या भोकात. उलटा. मीच घातला होता, ऑरेल. मीच."

त्याने पंच घेतला, उजेडात धरला, नाक बोटाने तपासलं. बराच वेळ तपासत होता.

"गंज नाही लागला," तो म्हणाला.

"ऑरेल, मी तुझं आयुष्य खाल्लं."

"अर्धं. अर्धं मी जगलो." मग म्हणाला, "तळाच्या भोकात. तुझ्या वडिलांनी तुला अर्ध्या दिवसात हाकललं असतं." आणि हसायला लागला. अंगभर हसत होता आणि डोळे पुसत होता. मी त्याच्या स्टुलावर बसून हमसाहमशी रडले. मग आम्ही कॉफी प्यायलो. त्याच्याकडे साखर नव्हती, ती आणायला मी माझ्या घरी गेले आणि परत आले, आणि तो रस्ता किती लहान आहे हे बघून मला पुन्हा रडू आलं.

तेव्हा मी असं जाहीर करते: ऑरेल कालाम यांनी माझ्या वडिलांच्या पेटीतून किंवा आमच्या घरातून कधीही काहीही घेतलेलं नाही. पंच मी लपवला, मी विसरले, आणि आळ त्यांच्यावर मी घेतला, आधीच्या तिन्ही मृत्युपत्रांतही. हे वाक्य माझ्या मरणानंतर नव्हे, आत्ताच जाहीर व्हावं, म्हणून मी ते माझ्या हाताने कागदावर लिहिलं आणि शुक्रवारी टपालवाल्या जोझियानबरोबर गावकचेरीत पाठवलं. कारकून म्हणाला, फळी सरकारी नोटिसांसाठी आहे. जोझियान त्याला म्हणाली, "यांच्या लग्नाची नोटीस याच फळीवर होती. ही तिची दुरुस्ती समज." कागद लागला. जोझियान सांगते की रविवारी चर्चनंतर फळीपुढे रांग होती, आणि बेकरीवाल्याने ऑरेलला सगळ्यांदेखत "मस्यू कालाम" म्हणून, म्हणजे कालामसाहेब म्हणून, हाक मारली.

आणि ही पेटी, चौकट, शंभर पंच, वीस ऐरणी आणि हातोडी यांसह, माझ्या मृत्यूनंतर ऑरेल कालाम, घर नंबर चौदा, यांना मिळावी.

हे कलम मी सोमवारी सांगितलं. त्याचं आज काय झालं ते कलम सहामध्ये आहे.

कलम पाच. बारीकसारीक.

चीजवाल्या बाईंना माझ्याकडून काही नाही. वीस वर्षं त्यांनी मला सालीकडचा तुकडा कापून दिला आणि मी काही बोलले नाही. आता बोलले.

चर्चच्या घड्याळाला ज्यांनी विजेची मोटर लावली त्यांना मी माफ केलं नव्हतं. आताही पूर्ण केलेलं नाही. पण या आठवड्यात मी कोणाला काही म्हणायच्या लायकीची नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते.

माझी मांजर जोझियानच्या घरीच जेवते, तेव्हा ती कोणाची हे मांजरच ठरवेल. सिमोन म्हणते की मांजरही जोझियानला देता येणार नाही, कारण जोझियान साक्षीदार आहे. हा नियम आज मला चांगलाच कळला.

कलम सहा. दुरुस्ती.

आज दुपारी दोन वाजता सिमोन मोहोर घेऊन आली. साक्षीदार दोन लागतात. जोझियान हजर होती. दुसरे बेकरीवाले यायचे होते, पण त्यांची कंबर धरली आणि त्यांनी निरोप पाठवला. ऑरेल इथेच होता. आता तो रोज इथेच असतो, साखर घेऊन येतो. मी त्याला कलम चार वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"तू मेल्यावर मला मिळणार," तो म्हणाला.

"हो."

"मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. मग जरा घाई कर."

जोझियानला हसू आवरेना. मग ऑरेल सिमोनकडे वळला. "दुसरा साक्षीदार मी झालो तर?"

सिमोन म्हणाली, "कालामकाका, तसं चालणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. तुम्ही सही केलीत तर तुमच्या नावचं कलम गेलं. पेटी दिदिएकडे जाईल आणि दिदिएकडून जपानला."

"साक्षीदार कोण असावा लागतो?"

"सज्ञान. शुद्धीवरचा. ज्याच्या सहीवर विश्वास ठेवता येईल असा."

ऑरेलने टोपी मांडीवर ठेवली. "मग मला सही करायची आहे," तो म्हणाला. "पेटी राहू दे. पेटीशिवाय मी सत्तेचाळीस वर्षं काम केलंय. सरकारी कागदावर माझ्या सहीवर विश्वास ठेवतात का, ते मला एकदा बघायचंय. या घरात."

सिमोनने पेन खाली ठेवलं. मला त्याला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायलाही जीव धजेना. पेटी त्याची नाही झाली तर माझं काय उरलं? मी खिडकीशी गेले. समोर त्याचा बाक रिकामा दिसत होता, आणि तेव्हा मला ते सुचलं. सत्तेचाळीस वर्षांत एकच शहाणपणाची गोष्ट मला सुचली, ती ही.

"सिमोन," मी विचारलं, "मृत्युपत्रात काय लिहितात?"

"मरताना जे तुमचं असेल ते."

"आणि जे माझं नसेल ते?"

सिमोन हुशार मुलगी आहे. तिने सरळ कलम चारमधल्या पेटी ऑरेलला देणाऱ्या ओळीवर रेघ मारली आणि रेघेपाशी माझी आद्याक्षरं घेतली.

दिदिएने माळ्यावरून आणलेली पेटी मी बाकावरून उचलली. जड आहे. एकोणऐंशीव्या वर्षी फारच जड आहे. ती ऑरेलच्या मांडीवर ठेवली, टोपी बाजूला करून. "ही मेल्यावर नाही," मी म्हटलं. "ही आत्ता. माझा हात, तुझा हात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून मिळत नाही, पण शेजाऱ्याला शेजारणीकडून काहीही मिळू शकतं."

"मी घेणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"मोजल्याशिवाय मी पेटी घेत नाही. तुझ्या बापाचा नियम आहे."

त्याने झाकण उघडलं. अडतीस नंबर अजून त्याच्या जाकिटाच्या खिशात होता, बुधवारपासून, रुमालात गुंडाळलेला. त्याने तो काढला आणि जागेवर उभा केला. मग सुरुवातीपासून एकेका पंचावर बोट ठेवत मोजायला लागला, मोठ्याने, जसं आमच्या घरी मोजायचे तसं. जोझियान, सिमोन आणि मी उभ्या राहिलो. अडतीसला तो थांबला नाही, तसाच पुढे गेला. नव्याण्णवला थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"शंभर," ऑरेल म्हणाला, आणि झाकण लावलं.

तेव्हा असं नमूद करते की स्टेकिंगची पेटी माझ्या मिळकतीत नाही आणि तिच्यावर माझ्या कोणाही वारसाचा हक्क नाही. कलम चारमधला बाकी सगळा मजकूर, माझ्या चुकीच्या कबुलीसह, तसाच कायम राहील. दिदिएने रागावू नये. त्याला घर आहे, टब आहे, आणि पंच शोधल्याबद्दल माझे आभार आहेत.

सिमोनने सगळं मला वाचून दाखवलं. मी स्वतः पुन्हा वाचलं. "येडी" हा शब्द ती शेवटपर्यंत काढायला बघत होती, तो मी राहू दिला आहे. हा माझा शेवटचा शब्द आहे, निदान कागदावरचा. तोंडाने मला अजून पुष्कळ बोलायचंय, सत्तेचाळीस वर्षांचं बाकी आहे, आणि ऑरेल म्हणतो की संध्याकाळी त्याला वेळ आहे.

मुक्काम ला कोंब-न्वार, घर नंबर अकरा, कामाची खोली, गुरुवार, १७ एप्रिल २००८, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. घड्याळ बरोबर आहे.

मृत्युपत्र करणार: ब्ल्युएत जाको

माझ्यासमोर: सिमोन रोसले, नोटरी

साक्षीदार: जोझियान मोंताँदों, टपाल खातं, राहणार खालची आळी, ला कोंब-न्वार

साक्षीदार: ऑरेल कालाम, घड्याळजी, राहणार वरची आळी, घर नंबर चौदा. बाईंनी माझ्यासमक्ष स्वतः वाचून सही केली. त्या शुद्धीवर आहेत. पेटी मी मोजली, पूर्ण आहे.